देवी, गाय आणि आपलं देणं



२०२२ चं पर्युषण आठवतं का? आम्ही मंडळातल्या बायका नेहमीप्रमाणे गूळ आणि चारा घेऊन गोशाळेत गेलो, तर फाटक बंद. "ताई, सामान इथंच ठेवा, आत कोणालाच सोडत नाही," तिथला माणूस म्हणाला. इतक्या लांबून येऊन गाईच्या मानेवरून हातही फिरवायचा नाही? मला रागच आला. तो माणूस बरोबर होता, हे मागाहून कळलं.

लम्पीत गाईला आधी सणसणून ताप येतो. डोळ्यांतून, नाकातून पाणी गळतं, ती चारा सोडते. मग मानेवर, पायांवर, कासेवर सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या घट्ट गाठी उठतात. पाय सुजतात, दूध आटतं, गाभण गाय गाभडते. बरीच जनावरं वाचतात, पण लहान वासरांचे फार हाल होतात. माणसाला हा रोग होत नाही. त्यामुळे तेव्हा घरोघरी दुधाची जी भीती पसरली, ती व्यर्थ होती. दूध उकळून घेतलं की झालं.

हा रोग पहिल्यांदा दिसला १९२९ साली, आफ्रिकेत, आजच्या झांबियात. विषबाधा असेल, नाहीतर किडे चावल्याच्या गांधी असतील, असं तेव्हा वाटलं. तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, हे १९४० नंतरच्या मोठ्या साथीत उमगलं. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आला. २०२२ मध्ये गुजरात-राजस्थानात त्याने कहर केला आणि ऑगस्टमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात तो आढळला. मग जनावरांचे बाजार बंद झाले.

हा विषाणू पसरतो चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे. आपली खरी अडचण इथे आहे. गाय वाचवायची म्हणून माश्या मारायच्या का? मला जयणेचा अर्थ तेव्हा नव्याने कळला. शेण वेळेवर उचललं, पाणी साचू दिलं नाही, गोठा कोरडा ठेवला, जाळी लावली, तर माश्या-डास होतातच कमी. आधीच काळजी घेतली की मारण्याची वेळ फारशी येत नाही. आजारी गाय वेगळी बांधणं, हेही निष्ठुरपण नव्हे.

आता थोडा हिशेब, कॉमर्सवाली आहे ना मी! माझ्या दंडावर देवी काढल्याचा वण आहे, तुमच्यापैकी अनेकींच्याही असेल. त्या लसीची सुरुवात गाईच्या देवीपासून झाली. १७९६ मध्ये इंग्लंडात जेन्नरने ती पहिल्यांदा टोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस मिळाली आणि तिथून ती पुण्यालाही आली. पुढे ही लस वासरांच्या कातडीवर वाढवत. त्या मुक्या जिवांनी सोसलं, म्हणून आपली लेकरं वाचली. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला.

लम्पीचा विषाणू देवीच्याच कुळातला. २०२२ मध्ये गाईंना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस, कारण हे दोन विषाणू अगदी सख्ख्या भावंडांसारखे आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात खास लम्पीच्या लसीचं तंत्रज्ञान आपल्या औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला मिळालं.

म्हणजे २२० वर्षांपूर्वी गाईच्या देवीतून आलेली लस पुण्यात आली ती माणसांसाठी, आणि २०२२ मध्ये पुण्यात लसीचं तंत्रज्ञान आलं ते गाईंसाठी. माझ्या मते हे देणं अजून फिटलेलं नाही.

यंदा जीवदयेचं पाकीट देताना एवढं विचारा: "तुमच्या जनावरांना लस टोचली का? गोठा कोरडा आहे का?" आणि फाटक बंद दिसलं, तर सामान बाहेर ठेवून हात जोडा आणि परत या. तीही सेवाच.