पान्याचें तोंड

उमरग्याचें नांव निघालें म्हणजे इतिहासाचा अभ्यासक तेथील जुन्या दगडी शिवालयाकडे वळतो, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच गांवावरून सोलापूर-हैदराबाद ही मोठी सडक जाते. आणि अशा सडकेच्या कडेला मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या पेटींतही इतिहास असतो, याकडे आम्हां सुशिक्षितांचें लक्ष सहसा जात नाहीं. त्या पेटींतलीं कित्येक हत्यारें कारखान्यांतून आलेलीं नसतात. तीं मिस्त्रीनें स्वतः घडविलेलीं असतात. तीं कां घडवावीं लागलीं, एवढाच प्रश्न येथें घेऊं.

पहिलें कारण अंतराचें. १९४८ पर्यंत उमरगा निजामाच्या राज्यांत होतें, तर सोलापूर १९४७ पर्यंत इंग्रजी मुलखांत होतें. निजामाच्या रेल्वे खात्यानें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं मोटारसेवा सुरू केली. मोटार खेड्यापाड्यांपर्यंत पोंचली, पण तिचीं खास हत्यारें शहरांतच राहिलीं. पुढें १९३९ चें महायुद्ध आलें, परदेशी माल दुर्मिळ झाला, पेट्रोलवर नियंत्रण बसलें आणि कित्येक गाड्या कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागल्या. अशा वेळीं हत्यार घडविणें ही हौस नव्हे, निकड होती.

दुसरें कारण मापाचें. इंग्लंडांत व्हिटवर्थनें १८४१ सालीं बोल्टाच्या आट्यांचें एक प्रमाण ठरविलें. त्यांत आट्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेंत १८६४ सालीं सेलर्सनें सुचविलेला कोन ६० अंशांचा. शिवाय इंग्रजी पान्यावरील आंकडा बोल्टाची जाडी सांगे, तर अमेरिकन पान्यावरील आंकडा नटाची रुंदी. म्हणून दोन्हींवर 'अर्धा इंच' कोरलेलें असूनही एक पाना दुसऱ्याच्या नटास बसत नसे! सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिनें आधीं अमेरिकन बनावटीच्या गाड्या जुळविल्या व मागाहून इटालियन फियाट आणली; तिचें माप मिलिमीटरचें. तिन्ही पद्धती एकाच सडकेवर धांवूं लागल्यावर मिस्त्रीनें काय करावें? त्यानें जुन्या पान्याचें तोंड कानसून हवें तेवढें रुंद केलें.

आतां हें काम अडाण्याचें नव्हे, हें ध्यानांत घ्यावें. जुन्या इंजिनांत क्रँकभोवतीं कथलाच्या मिश्रधातूचें अस्तर ओतीत. क्रँकवर पातळ रंग लावून तो फिरवावयाचा. अस्तरावर जेथें रंग उमटेल तेवढाच उंचवटा खरवडावयाचा. आणि रंग सर्वत्र सारखा उमटेपर्यंत हें चालूं ठेवावयाचें. खरवडणी झिजलेल्या तिधारी कानशीची करीत. तिचे दांत सहाणेवर घासतांना ती वारंवार पाण्यांत बुडवावी लागे. तापली तर पोलादाचें पाणी उतरे. मोडक्या पाट्याची छिन्नी करणें याहून नाजूक. ती लाल करून तेलांत विझविली म्हणजे कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून पुन्हां हलकेच तापवून, अंगावर गवती पिवळा रंग येतांच विझवावयाची. रंग निळ्यावर गेला तर धार बोथट होते. रंग येण्यापूर्वींच थांबलें तर छिन्नी कांचेसारखी फुटते. हा क्षण ओळखण्यास मिस्त्रीजवळ डोळ्यांखेरीज दुसरें साधन नसे.

तलवारीस पाणी देणाऱ्या लोहाराचें कौतुक आपल्या बखरवाचकांस असतें. छिन्नीस पाणी देणाऱ्या मिस्त्रीचें कां नसावें? विद्या तीच. फरक इतकाच, कीं तलवारी संग्रहालयांत गेल्या आणि हीं हत्यारें भंगारांत जात आहेत. आज यंत्राचे पुष्कळसे दोष संगणक सांगतो, बेअरिंगें तयार मिळतात. तेव्हां जुन्या पेटीची गरज सरली, हें खरें. परंतु गरज सरली म्हणून आठवण सरूं देऊं नये. आपल्या गांवच्या वृद्ध मिस्त्रीकडे जाऊन प्रत्येक हत्यार कोणत्या गाडीसाठीं, कशापासून व केव्हां केलें, एवढें विचारून एका वहींत लिहून ठेवावें, आणि करणाराचें नांवही लिहावें. व्हिटवर्थचें नांव आम्हांस पुस्तकांनीं सांगितलें. याचें नांव सांगणारें पुस्तक अद्याप लिहावयाचें आहे.