नांव डॉजचें, कीं फार्गोचें?

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत खेळूं लागलें आणि तेथील माळरानावर ऊस उभा राहिला. त्याच उसाच्या आधारानें १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरचा साखर कारखाना सुरू झाला. ज्यांच्या नांवानें हें गांव ओळखलें जातें, त्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें १९४७ सालीं मुंबईस कुर्ला येथील तिच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. साखरेच्या गांवाचा मोटारीच्या इतिहासाशीं असा संबंध आहे. आणि त्या काळची एखादी मालमोटार पुन्हां उभी करूं पाहणाऱ्यास हा इतिहास पहिल्याच दिवशीं उपयोगीं पडतो.

क्रायस्लरनें १९२८ सालीं डॉज कंपनी विकत घेतली, व त्याच वर्षीं फार्गो हें दुसरें नांव बाजारांत आणलें. पुढें एकाच बांधणीची मालमोटार कोठें डॉज, तर कोठें फार्गो म्हणून विकली जाऊं लागली. कारण निरनिराळ्या विक्रेत्यांस आपापल्या नांवाचा माल हवा होता. कुर्ल्याहूनही या दोन्ही नांवांच्या गाड्या निघाल्या. म्हणून बॉनेटवरील अक्षरें वाचून पुढच्या चाकांचे भाग मागविणें हा भोळेपणा होय. नांवें दोन असून भाग एकच असूं शकतो. उलट नांव एकच असून अर्ध्या टनाच्या पिकअपचा व तीन टनांच्या ट्रकचा भाग अगदीं वेगळा असतो.

ओळखीची पहिली पायरी म्हणजे पुढचा ॲक्सल सांगाड्यास कसा टांगला आहे हें पाहणें. त्या पिढीच्या डॉज व फार्गो मालमोटारींत एक अखंड आडवा ॲक्सल असून, त्याच्या दोन्ही बाजूंस सांगाड्याच्या लांबीनें पाट्यांची एकेक कमान असते. फोर्डच्या हलक्या मालमोटारींत मात्र १९४७ पर्यंत पुढें एकच कमान आडवी बसविलेली असे. १९४८ च्या नव्या बांधणींत ती जाऊन लांबीनें बसविलेल्या दोन कमानी आल्या. प्रत्येक पुढचें चाक स्वतंत्रपणें वरखालीं होण्याची सोय अमेरिकेंत शेव्हर्लेच्या पिकअपला १९६० सालीं, तर डॉजच्या हलक्या पिकअपला १९७२ सालीं मिळाली. म्हणजे चाकामागें नुसतें वांकून पाहिलें तरी गाडीच्या काळाचा अंदाज येतो.

दुसरी पायरी मोजमापाची. मुख्य पाट्याचीं टोकें वळवून त्यांत बुश बसविलेला असतो. त्या दोन टोकांमधील अंतर, पाट्यांची रुंदी, जाडी व संख्या, आणि बुशचा आंतील व्यास हीं मापें घ्यावीं लागतात. सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर असतोच असें नाहीं. म्हणून त्याचें अंतर दोन्ही टोकांपासून वेगवेगळें मोजावें लागतें. कमानीचें एक टोक पिनेनें पक्कें असतें, तर दुसरें हलत्या शॅकलवर असतें. कारण ओझ्यानें कमान सपाट होतांना लांबते, आणि त्या लांबीस वाव लागतो.

डावें-उजवें ओळखण्यासाठीं विलीज जीपचें उदाहरण बोलकें आहे. ही गाडी महिंद्र कंपनीनें १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईस जुळविण्यास आरंभ केला. तिच्या शॅकलला आटे असतात. कांहीं उजवे, कांहीं डावे. डाव्या आट्याच्या शॅकलवर घडणींतच एक लहान उंचवटा ठेवलेला असतो, आणि तशा बुशच्या षट्कोनी डोक्याभोंवतीं खांच असते. उजव्या आट्याच्या बुशचें डोकें साधें असतें. गंज व वंगणाचा थर खरवडल्यावांचून ही खूण दिसत नाहीं, आणि खूण न पाहतां जोर लावणारा आटेच बिघडवून ठेवतो.

येथें प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. पाटे ॲक्सलवर यू-बोल्टांनीं आवळलेले असतात, व कित्येक गाड्यांत त्यांच्यामध्यें एक पातळ पाचर असते. ती उलटी बसली तर किंगपिनचा कल बदलतो; वळणानंतर चाकें आपण होऊन सरळ होत नाहींत, आणि वेगांत थरथरूं लागतात. सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल एका बाजूस सरकतो. चालकाचा जीव अशा लहान वस्तूंवर अवलंबून असतो.

शिवाय जुनी मालमोटार अनेक हातांतून गेलेली असते. कोणी जास्त ओझ्यासाठीं एक पाटा वाढविलेला असतो, कोणी दुसऱ्याच गाडीचा पाटा घातलेला असतो. म्हणून घडण, माप आणि भागावर उमटविलेला क्रमांक या तीन साक्षी जुळल्या, व डावी-उजवी बाजू परस्परांशीं पडताळून पाहिली, म्हणजेच भाग मूळचा मानावा.

बारामतींत आतां पियाजिओच्या कारखान्यांत तीनचाकी मालवाहू गाड्या तयार होतात. त्यांस पुढें एकच चाक असल्यानें आडवा ॲक्सल व पाट्यांची जोडी यांचें तेथें कामच नाहीं; गोल स्प्रिंग व शॉक-ॲब्सॉर्बर धक्के सोसतात. या गाड्याही एके दिवशीं जुन्या होतील. त्या उभ्या करणाऱ्यासही तोच नियम लागू पडेल: नवा भाग बसून गाडी सरळ चालेपर्यंत जुना भाग भंगारांत देऊं नये, कारण खरा पुरावा तोच असतो.