दरवाजावरचा पशू

चंद्रपूरच्या कोटाचे जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. आपल्या सोयरिकी तिकडच्याच. तेथे गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे : हत्तीला नमवणारा सिंहासारखा पशू. हत्ती त्याच्यापुढे अगदी लहान. असा प्राणी कोणत्याही रानात नाही, तरी पाहताना तो खोटा वाटत नाही. का वाटत नाही, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

शिवनेरीच्या दरवाजावरचा शरभ हा त्याचाच भाऊबंद. पुराणांत शरभाला आठ पाय सांगितले आहेत. किल्ल्यांवर मात्र तो बहुधा चारच पायांचा आढळतो. मला यात पाथरवटाचा विवेक दिसतो. आठ पाय म्हणजे आठ सांधे, आणि ते बसवायला एका धडात जागा कुठली? आम्हां जैनांच्या परिचयाचा, नवव्या तीर्थंकरांचे लांछन असलेला मकर पाहा. शिल्पात कधी त्याला मगरीचा जबडा, हत्तीची सोंड आणि माशाची शेपटी असते. पण प्रत्येक अवयव खऱ्या जनावराचा.

वैद्यकाच्या पहिल्या वर्षी शरीररचना शिकताना एक गोष्ट मनावर ठसते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला हातापायांच्या दोनच जोड्या. पक्ष्याचा किंवा वटवाघळाचा पंख म्हणजे बदललेला पुढचा पायच. म्हणून पंखवाला सिंह काढणाऱ्याने पंखासाठी वेगळा खांदा आणि छातीवर दांडगे स्नायू दाखवले, तरच तो उडेलसा वाटतो. वाघाचे हासळीचे हाड अगदी लहान व सुटे असते, म्हणून चालताना त्याचे खांदे पाठीवर वरखाली होतात. रानगव्याच्या खांद्यावरचा उंचवटा मणक्यांच्या लांब काट्यांवर उभा असतो. हे सारे कान्हाच्या मुक्की दरवाजातून आत गेल्यावर आपल्याच जिल्ह्यात पाहता येते.

आज घरोघरी मुले अल्कोहोल मार्करने ड्रॅगन रंगवतात. त्या शाईतले अल्कोहोल झटकन उडते, थरावर थर देऊन छटा गडद करता येते. पण एकदा गडद झालेला कागद पुन्हा कोरा होत नाही. पाथरवटाच्या छिन्नीलाही खोडरबर नव्हते. दोघांनाही आधी हाडांचा सांगाडा नीट आखावा लागतो, मग वरचा साज.

बालाघाट जिल्हा 1867 नंतर भंडारा, मंडला आणि सिवनीचे भाग जोडून घडला. 1956 साली प्रांतरचना बदलली, आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि सोयरे पलीकडे गेले. दरवाजावरच्या पशूला ही सीमा ठाऊक नाही. तो दोन्हीकडच्यांचा आहे. मुलांनी परदेशी ड्रॅगन जरूर काढावेत. पण ऊन, पाऊस आणि धुरळा खाणाऱ्या दगडाची नाकडोळ्यांची रेघ पुसट होत जाणारच, आणि ती कागदावर कोणी उतरवली नसेल तर परत कुठून आणणार?

म्हणून सभेला विनंती : या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन चंद्रपूरला जावे. दगडाला हात न लावता, प्रत्येकाने समोर बसून तो पशू काढावा. आधी पेन्सिलीने, खांदा कुठे आणि खुबा कुठे ते शोधून, रंग नंतर. त्या चित्रांची एक वही आपल्या ग्रंथालयात राहू द्या.