जयप्रभा, जानेवारी 1948

22 जानेवारी 1948, गुरुवार. तुम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत उभे आहात. हवेत गारवा आहे, गुळाचे रवे भरलेल्या बैलगाड्या शाहूपुरीच्या बाजाराकडे निघाल्यात. गाव अजून संस्थान आहे. शहाजी महाराज गादीवर आहेत, विलीनीकरणाला वर्षभराहून जास्त अवकाश आहे. चहाच्या हॉटेलात कालचं वर्तमानपत्र मिरजेच्या गाडीनं आलंय. एक जण मोठ्यानं वाचतोय, बाकीचे बशीत चहा ओतून ऐकतायत. दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींच्या प्रार्थनासभेत स्फोट. कुणाला इजा नाही. निर्वासित तरुण जागेवरच पकडला.

"म्हाताऱ्याचं नशीब थोर," कुणीतरी म्हणतं आणि बोलणं उसाच्या दराकडं वळतं.

ते आठ दिवस पुढचं काही जाणत नाहीत. तुम्ही जाणता. मारणाऱ्याचं नाव, दिवस, वेळ, पिस्तूल, सगळं. त्यामुळं चहा तसाच ठेवून तुम्ही तार ऑफिस शोधायला निघता.

वाटेत जयप्रभा स्टुडिओचं फाटक लागतं. पूर्वीचं कोल्हापूर सिनेटोन. आता ते चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचं आहे, आणि इथं त्यांना सगळे 'बाबा' म्हणतात. दोनच वर्षांपूर्वी त्यांच्या 'वाल्मिकी'त पृथ्वीराज कपूर वाल्मिकी झाले होते आणि विशीतला राज कपूर नारद. आत सुताराची ठोकाठोक चालू आहे. संकलनाच्या खोलीत कापराचा वास आहे. पत्र्याच्या गोल डब्यांची उतरंड भिंतीला लागून लावलीय, त्यात 'मीठभाकर' चित्रपटाची रिळं. दारावर विडी ओढायला मनाई लिहिलीय. का, असं तुम्ही विचारता, तर तिथला पोरगा जमिनीवरचा वीतभर तुकडा उचलून तुम्हाला अंगणात नेतो.

"हां, लांब उभं ऱ्हावा."

तो तुकडा दगडावर ठेवतो, काडी लावतो. जाळ पिवळा, फुत्कारणारा, आणि तुम्ही डोळे मिचकावेपर्यंत सगळं संपतं. दगडावर तांबूस डाग उरतो.

"पाण्यात बुडीवला तरी विझत न्हाई ह्यो."

खरं आहे. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची. कापसाला नायट्रिक आम्लाची प्रक्रिया द्यायची, मग कापूर मिसळून पारदर्शक पट्टी करायची. जळायला लागणारा प्राणवायू तिच्या स्वतःच्याच पोटात असतो. हाच कापूस याच आम्लात जास्त मुरवला की गनकॉटन होतं, आणि परवा, 20 तारखेला, त्या निर्वासित तरुणानं, मदनलाल पाहवानं, बिर्ला भवनाच्या मागच्या भिंतीवर उडवला तो गनकॉटनचाच तुकडा होता. गांधीजी तिथून सुमारे 75 फुटांवर बसले होते. एकाच रसायनाची ही दोन रूपं, आणि एका रूपात माणसांनी चित्रं साठवली, या गोष्टीनं माझं मन अजून हलतं.

तार ऑफिसात तुम्ही फॉर्म भरता. पोलीस कमिशनर, मुंबई. पुण्याच्या 'हिंदु राष्ट्र' दैनिकाचा संपादक आणि व्यवस्थापक यांना ताबडतोब धरा. कारकून शब्द मोजता मोजता थांबतो, चष्म्यावरून बघतो.

"तुमाला कसं ठावं?"

तुमच्यापाशी उत्तर नाही. पण ज्यांच्यापाशी उत्तर होतं त्यांचं काय झालं, ते ऐका. पुण्याच्या बाळूकाका कानिटकरांनी 1947 मध्येच मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना पत्र लिहून सावध केलं होतं. माटुंग्याच्या रुइया कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्यापाशी मदनलाल स्फोटाआधीच कटाबद्दल बोलला होता. त्यांना तेव्हा ते पटलं नव्हतं. स्फोटाची बातमी वाचल्यावर 21 तारखेला ते तडक खेरांना आणि गृहमंत्री मोरारजी देसाईंना भेटले. त्याच संध्याकाळी मोरारजींनी मुंबई सेंट्रल स्टेशनावर डेप्युटी कमिशनर नगरवाला यांना कटातल्या नगरच्या विष्णू करकरेला पकडायला सांगितलं. म्हणजे तुम्ही कोल्हापुरात उतरण्यापूर्वीच एक नाव सरकारदरबारी पोचलेलं आहे.

आणि दिल्लीत? मदनलालनं पोलिसांना त्या पुण्याच्या वर्तमानपत्राचा धागा दिला. कटवाले उतरले होते त्या मरीना हॉटेलच्या खोलीत धोब्याकडची खूण असलेला कपडा सापडला: एन. व्ही. जी. नथुराम विनायक गोडसे. मुंबई सरकारच्या वर्तमानपत्रांच्या यादीत संपादकाचं नाव होतं, मालकाचं होतं. यादी गुप्त नव्हती, कुणीतरी ती उघडायला हवी होती. दिल्लीचे दोन पोलीस अधिकारी विमानानं मुंबईला आले खरे, पण त्यांना परत पाठवलं गेलं.

तुमची तार जाते, असल्याच कागदांच्या ढिगात पडते.

पुढचे दिवस तुम्ही गावात घालवता आणि मन दिल्लीत असतं. रंकाळ्यावर पोरं पोहतायत, तालमीत मातीत तेल-ताक घालणं चाललंय, आणि तुम्ही तारखा मोजताय. पुण्याचे सीआयडीचे डीआयजी राणा योगायोगानं दिल्लीतच होते. मदनलालच्या जबानीची प्रत त्यांच्यापाशी. ती घेऊन ते 25 तारखेला निघाले, पण आगगाडीनं, तेही अलाहाबादवरून, आणि मुंबईला 27 तारखेला पोचले. त्याच 27 तारखेला गोडसे आणि त्याच्या दैनिकाचा व्यवस्थापक आपटे खोट्या नावांनी मुंबईहून विमानानं दिल्लीला गेले. हे वाचताना दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. दोघांची ओळख पटवणारा कागद रेल्वेच्या डब्यातून मुंबईत येतोय आणि ते दोघे त्याच दिवशी आकाशातून उलटे चाललेत. 28 तारखेला ग्वाल्हेरमध्ये त्यांना बेरेटा पिस्तूल मिळालं.

या सगळ्यावर एक चित्रपट आहे, तुमच्या काळात तो बघता येतो. मार्क रॉबसनचा 'नाइन अवर्स टू रामा', 1963 चा, स्टॅन्ली वोल्पर्टच्या कादंबरीवरचा. त्यात होजे फेरर पोलीस सुपरिंटेंडेंट दास होतो. हा दास दिवसभर धावतो, माग काढतो, वरिष्ठांशी भांडतो, गांधीजींना घराबाहेर पडू नका म्हणून विनवतो. पुस्तकावर आणि चित्रपटावर भारतात बंदी आली. मला वाटतं, त्या चित्रपटातलं सगळ्यात मोठं खोटं म्हणजे हा दास. सगळे धागे एका हातात घेतलेला असा माणूस खऱ्या जानेवारीत नव्हता. एकाकडे आडनाव, दुसऱ्याकडे कपड्यावरची खूण, तिसऱ्याकडे जबानी. नगरवालांना तर हा गांधीजींना पळवून नेण्याचा कट वाटत होता. त्यात प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींनी साफ नकार दिला. देवाच्या प्रार्थनेला येणाऱ्या माणसाला चाचपायचं, हे त्यांना मान्यच नव्हतं. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगानं 1969 च्या अहवालात हे सगळं एका जागी आणलं. तोवर 21 वर्षं गेली होती.

30 जानेवारी, शुक्रवार. पाच वाजून सतरा मिनिटांना दिल्लीत तीन गोळ्या. कोल्हापुरात रेडिओ मोजक्या घरांत, पण बातमी पायांनीही वेगानं येते. दुकानांच्या फळ्या धडाधड लागतात. सकाळी चहा पिताना हसलेला माणूस ओट्यावर बसून हमसून रडतोय. मग मारेकऱ्याचं नाव येतं, जात येते, पुण्याचं नाव येतं, आणि रडण्याचा सूर बदलतो.

पुढच्या दिवसांत दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं पेटली. सातारा, सांगली, कोल्हापूर, आतली खेडी. ज्यांनी गोडसेचं नावही ऐकलं नव्हतं त्यांची पुस्तकं, भांडी, धान्याची कणगी, गोठे. ज्याच्या खुनाच्या रागानं हे घडलं त्या माणसानं नोआखालीत अनवाणी फिरून नेमकं हेच थांबवलं होतं. त्या आगी लावणाऱ्यांना त्याचं नाव घ्यायचा हक्क नव्हता, असं मी आजही म्हणेन.

भालजींचा ओढा हिंदुत्वाच्या विचाराकडे, हे गावाला ठाऊक. कटाशी त्यांच्या स्टुडिओचा काडीचा संबंध नव्हता. पण जमावाला संबंध लागत नाही. तुम्ही फाटकापाशी आहात. आधी सेटचं लाकूड आणि रंगवलेले पडदे पेटतात, त्यांचा जाळ साधा, धुराचा. मग आग संकलनाच्या खोलीत शिरते आणि आवाज बदलतो, फुत्कार सुरू होतो. पत्र्याचे डबे फुगून उघडतात. दगडावरच्या वीतभर तुकड्यात पाहिलेला तोच पिवळा जाळ आता खिडक्यांतून बाहेर पडतोय. बादल्या घेऊन आलेली चार-दोन कामगार माणसं पाणी मारतात, आणि तो पोरगा त्यांना ओरडून सांगतोय की उपयोग न्हाई, लांब व्हा, लांब व्हा.

'मीठभाकर' त्यात गेला.

एक शेवटची उडी मारा, 1949 मध्ये. बाबांनी कर्ज काढलंय, जळक्या भिंतींना गिलावा झालाय, छप्पर नवं आहे. 'मीठभाकर' पुन्हा पहिल्यापासून चित्रित होतोय. चंद्रकांत आणि सुलोचना उभे आहेत. ज्यांनी आग लावली ती माणसंही याच गावची आहेत, उद्या याच चित्रपटाची तिकिटं काढतील, आणि बाबांना ते माहीत आहे. बाबा दिवे ठीक करायला सांगतात, संवाद एकदा म्हणून घेतात. कर्ज मात्र फिटता फिटत नाही. पुढं स्टुडिओ लता मंगेशकरांकडे जातो, आणि त्याच आवारात बाबा आणखी कित्येक वर्षं चित्रपट करत राहतात.