दप्तर गेलं क्लाउडवर, हिशोब कोण देणार?

आपल्या वर्ध्यात सातबारा म्हणजे पटवाऱ्याचं दप्तर. आता मी तो मोबाईलवर काढतो. सोय झालीच, खोटं कशाला बोलू! पण इतिहासाचा क्रम बघा. सप्टेंबर २०१०: नंदुरबारच्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार. ऑगस्ट २०१७: गोपनीयता मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. जानेवारी २०१८: सरकारी माहिती कंपन्यांच्या क्लाउडवर ठेवण्याचं महाराष्ट्राचं धोरण. आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा? थेट २०२३ मध्ये! त्यातही सुरक्षेच्या कारणानं केंद्र सरकार आपल्याच यंत्रणांना सूट देऊ शकतं. म्हणजे माहिती आधी घेतली, कायदा मागून आला.

दप्तर कोणाकडे आहे, हे गावाला ठाऊक असायचं. आज माझी नोंद कोणी उघडली, हे मला कळायला नको?