टाकी गळली तर?

शाळेत मी रसायनशास्त्राची समीकरणं पाठ केली. ती काय काम करतात, हे मात्र पाहिलं नाही. ही फारकत मोडायला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागातला हा माणूस. त्यांनी गावच्या मुलांच्या हाती थापी दिली. आता बघा, फेरोसिमेंटची टाकी बांधली की प्रश्न पडतोच: तिच्यावर रोज पाणी का मारायचं? कारण सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. पाणी मारायला चुकलात तर टाकीला तडे जातात, ती गळते. तिथं कॉपी चालत नाही. कलबाग २००३ साली गेले. आश्रम आजही चालू आहे. आपल्या मुलांना परीक्षेत सूत्रं विचारतात. टाकी बांधायला कोण सांगतं?