८९४ नावांची यादी

आम्हा संगणकवाल्यांची एक खोड आहे. कुठलाही प्रश्न दिसला की त्यावर सॉफ्टवेअर लिहायला हात शिवशिवतात. साथीचे रोगही त्यातून सुटलेले नाहीत. म्हणून आज नायजेरियाची गोष्ट.

२० जुलै २०१४ ला लायबेरियाहून आलेला पॅट्रिक सॉयर लागोसच्या विमानतळावर कोसळला. सरकारी डॉक्टर संपावर होते, म्हणून त्याला खाजगी रुग्णालयात नेलं. आधी मलेरिया वाटला. पण डॉ. अमेयो अडाडेवो यांना इबोलाचा संशय आला, आणि लायबेरियन अधिकाऱ्यांनी दबाव आणूनही त्यांनी त्याला सोडलं नाही. पुढे इबोलानेच त्यांचाही बळी घेतला.

लागोस म्हणजे कोटीहून जास्त वस्तीचं शहर. तिथे इबोला पसरला असता तर काय झालं असतं, विचार करा!

इबोला रोखायचं गणित तसं सोपं आहे. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला जास्तीत जास्त २१ दिवस लागतात. म्हणजे रुग्णाच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाला २१ दिवस रोज भेटायचं, ताप बघायचा, आणि ताप आला की लगेच वेगळं ठेवायचं. बस्स. कागदावर हे केलं तर फॉर्म संध्याकाळी ऑफिसात येणार, मग कोणीतरी टाइप करणार, तोवर दिवस गेला. नायजेरियाने म्हणून अँड्रॉइड फोन वापरले. दारातच नोंद भरायची, की ती नियंत्रण कक्षात पोचली.

पण ही यंत्रणा एका रात्रीत आली कुठून? तर पोलिओतून. पोलिओसाठी २०१२ मध्येच आपत्कालीन कक्ष उभा राहिला होता. लसीकरण पथकांचा जीपीएसने माग ठेवायची सवय तिथे झालेली होती. तीच अनुभवी माणसं इबोलाच्या कामाला जुंपली.

तरी एक जण निसटलाच. देखरेखीखालचा तो माणूस गुपचूप पोर्ट हारकोर्टला गेला, तिथे त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर दगावला, आणि त्या एका शहरात संपर्कांची यादी ५०० च्या वर गेली. एक ओळ हुकली की काय होतं बघा!

एकूण ८९४ नावं, सुमारे १८,५०० भेटी. रुग्ण २०, मृत्यू ८. २० ऑक्टोबर २०१४ ला नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला. पश्चिम आफ्रिकेतल्या त्या साथीत एकूण ११,००० हून जास्त माणसं गेली.

या अनुभवातूनच पुढे नायजेरियन आणि जर्मन संशोधकांनी मिळून 'सॉरमास' ही प्रणाली बनवली. २०१७ च्या मंकीपॉक्सच्या साथीत ती नायजेरियात कामी आली, आणि कोविडमध्ये खुद्द जर्मनीतल्या आरोग्य कार्यालयांनीही ती वापरली.

मला यातून एवढंच कळतं, की साथ आल्यावर लिहायला घेतलेलं सॉफ्टवेअर उशिराच येणार. साथ नसते त्या वर्षांत यंत्रणा चालू ठेवायला, माणसांचे पगार द्यायला सरकार तयार असेल, तरच आमच्या कोडला काही अर्थ. त्या १८,५०० भेटींत दार मात्र कोणीतरी हातानेच वाजवलं होतं, समोर इबोला असू शकतो हे माहीत असून.